तिसऱ्या दिवशीचा घोडा

जेऊर स्टेशनवर उतरलं की करमाळ्याला जायला साधारण सतरा-अठरा किलोमीटर पडतात. आता दर थोड्या वेळानं काहीतरी वाहन मिळतं. पण आमच्या आजोबांच्या काळी रेल्वे करमाळ्याला गेलेली नव्हती, आजही गेलेली नाही, आणि स्टेशनच्या बाहेर टांगे उभे असायचे. आजोबा सांगायचे, जुना टांगेवाला भाडं ठरवण्याआधी गिऱ्हाइकाकडं बघत नसे, घोड्याकडं बघे. सकाळच्या गाडीची माणसं करमाळ्याला सोडून आलेला घोडा संध्याकाळच्या गाडीला पुन्हा जुंपायचा की नाही, हे तो घोड्याच्या बरगड्यांवरून आणि पाणी प्यायच्या रीतीवरून ठरवायचा. दुप्पट पैसे देतो म्हटलं तरी एखादा म्हणायचा, "आज नाही जमायचं दादा, उद्या यायचंय."

हे 'उद्या यायचंय' मला परवा फार आठवलं. निमित्त झालं एका बातमीचं. २०२५ च्या अखेरीस थायलंडमध्ये पट्टायाला आशियाई अश्वारोहण अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि तिथं इव्हेंटिंग या प्रकारात भारतीय लष्करातले अधिकारी आशिष लिमये यांनी वैयक्तिक सुवर्णपदक मिळवलं. या स्पर्धेतलं भारताचं हे पहिलंच वैयक्तिक सुवर्ण. एरवी क्रिकेटच्या एका चौकाराला जेवढी जागा मिळते, तेवढीच या बातमीला मिळाली. आमच्या गावच्या पारावर दोघा-तिघांनी ती वाचली आणि मला विचारलं, "सर, हे इव्हेंटिंग म्हणजे शर्यत का?"

शर्यत नव्हे. रेसकोर्सवरच्या शर्यतीशी याचा संबंध नाही. इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्याची आणि एकाच स्वाराची तीन वेगवेगळी परीक्षा. पहिली ड्रेसाज. वीस मीटर रुंद आणि साठ मीटर लांब आखलेल्या चौकोनात घोड्यानं ठरलेल्या चाली चालून दाखवायच्या. दुडकी, मंद दौड, वर्तुळ, आडवी चाल, आणि मधोमध येऊन चारी पायांवर स्तब्ध उभं राहणं. स्वारानं हात हलवलेला दिसता कामा नये. दुसरी परीक्षा क्रॉस कंट्री. माळरानावर, उतारावर, ओढ्यातून, ओंडके आणि खंदक ओलांडत काही किलोमीटर वेगानं जायचं. हे अडथळे पक्के असतात, घोड्याचा पाय लागला म्हणून ते पडत नाहीत. तिसरी परीक्षा शो जंपिंग. मैदानातले रंगीत दांडे पाडायचे नाहीत.

गुणांची पद्धत उलटी आहे. जितके कमी, तितका वर. क्रॉस कंट्रीत घोडा एकदा अडला तर वीस दंडगुण, त्याच अडथळ्यावर पुन्हा अडला तर आणखी चाळीस. स्वार पडला तर तिथंच संपलं. ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर सेकंदागणिक दशांश चार. शेवटच्या दिवशी एक दांडा पडला की चार. आणि एक गोष्ट वाचकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. या खेळात बायकांची आणि पुरुषांची स्पर्धा वेगळी नसते. एकाच यादीत दोघांची नावं, एकाच मापानं.

पण माझ्या मते या खेळाचं खरं मर्म या तिन्हींत नाही. ते आहे क्रॉस कंट्रीनंतर, शेवटच्या परीक्षेच्या आधी होणाऱ्या तपासणीत. प्रत्येक घोड्याला लगामाला धरून टणक जमिनीवर पळवत आणतात. पंच आणि पशुवैद्य उभे असतात. घोडा जरासा लंगडतो आहे असं वाटलं की तो बाद. आदल्या दिवशी त्यानं वाऱ्यासारखी दौड मारलेली असो, स्वार पहिल्या क्रमांकावर असो, काही चालत नाही. तिसऱ्या दिवशी घोडा उभा राहिला पाहिजे. टांगेवाल्याचं 'उद्या यायचंय' ते हेच.

या खेळाचा जन्म घोडदळात झाला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याला 'मिलिटरी' असंच म्हणत आणि त्यात फक्त लष्करी अधिकारी उतरू शकत. त्या वेळी क्रॉस कंट्री धरून पंचावन्न किलोमीटरची रपेट होती. निरोप घेऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याचा घोडा संचलनात शिस्तीत चालला पाहिजे, आडरानातून पल्ला मारता आला पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खोगीर चढवण्याजोगा राहिला पाहिजे, एवढीच मूळ कल्पना. पुढं रपेट कमी होत गेली, तरी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मोठ्या स्पर्धांत क्रॉस कंट्रीच्या आधी रस्त्यावरून आणि पायवाटेवरून दुडकीनं लांबचं अंतर तोडावं लागे. सर्वांत वरच्या पातळीवर ते अंतर साधारण जेऊर ते करमाळा एवढं भरे. त्यानंतर दहा मिनिटांचा थांबा, पशुवैद्य नाडी बघणार, अंगावर पाणी मारणार, आणि मग खरी दौड. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून हा रस्त्याचा भाग गेला. जागा मिळत नाही, खर्च परवडत नाही, घोड्यांवर ताण पडतो, अशी कारणं होती. ती खरीही असतील. मला मात्र वाटतं की खेळाचा पाठीचा कणाच त्यात होता.

आता 'हौशी' या शब्दाची एक गंमत सांगतो. ऑलिंपिक म्हणजे हौशी खेळाडूंचं, असा तेव्हा दंडक. अधिकारी हा सद्गृहस्थ, तो हौसेनं घोड्यावर बसतो, म्हणून हौशी. सार्जंटचा मात्र तो पोटाचा धंदा, म्हणून तो व्यावसायिक. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण स्वीडननं जिंकलं. त्यांच्या संघात येन्नाल पेर्सन नावाचा सार्जंट होता. त्याला स्पर्धेपुरतं लेफ्टनंट केलं होतं आणि स्पर्धा संपताच परत सार्जंट केलं. हे उघडकीला आलं आणि १९४९ मध्ये स्वीडनचं सुवर्ण काढून घेण्यात आलं. त्या माणसाच्या बैठकीत खोट नव्हती, खांद्यावरच्या फितीत होती. पुढं नियम बदलले, १९५२ पासून दारं उघडली, आणि तोच पेर्सन १९५२ मध्ये आणि १९५६ मध्ये स्वीडनच्या सुवर्णविजेत्या संघात होता. इव्हेंटिंगमध्ये बायकांना मात्र १९६४ पर्यंत थांबावं लागलं. टोकियोला अमेरिकेची लाना ड्यू पाँट ही पहिली.

युरोपला हा भेद मिटवायला विसावं शतक उजाडावं लागलं. आपल्याकडं मात्र अधिकारी नाही, सरकारी चाकर नाही, स्वतःच्या घोड्यावर स्वतःच्या हिमतीनं बसणारा साधा कुणब्याचा पोर, अशा स्वाराला तीनशे वर्षांपूर्वीच नाव होतं. शिलेदार.

आज आपण शिलेदार हा शब्द शूर माणूस अशा अर्थानं वापरतो. निवडणुकीच्या फलकांवर तर तो फारच स्वस्त झाला आहे. मूळ अर्थ हिशेबाचा आहे. फारसीत सिलाहदार म्हणजे शस्त्र बाळगणारा. मराठी राज्यात बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो, आणि शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई तो. कृष्णाजी अनंत सभासदानं जिंजीला बसून जी बखर लिहिली, तिच्यात शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी. हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्याच्याच शेजारची गोष्ट पाठ करत नाही. दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे तलवारीच्या बरोबरीनं पाणी आणि नाल.

महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातलं, चिपळूणकडं छावणीला असलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना लिहिलेलं. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, यासाठी ते सतत उद्धृत होतं, आणि ते योग्यच आहे. पण पत्राचा मोठा भाग घोड्याच्या पोटाबद्दल आहे. दाणा आणि वैरण आत्ताच वाटेल तशी उडवलीत तर ऐन पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, दिवा जळता ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल. राज्य करणारा माणूस उंदराचा विचार करतो आहे. मला यात लढायांच्या वर्णनापेक्षा जास्त युद्धशास्त्र दिसतं. दसऱ्याला निघायचं तर चार महिने घोडा कसा राखला यावर सगळं अवलंबून.

पागेतल्या बारगिराच्या मागं सरकार उभं होतं. शिलेदाराच्या मागं कोणी नव्हतं. त्याचा घोडा पडला तर त्याची भाकरी पडली. म्हणून शिलेदार घोडा घालून सरळ भिडायला नाखूश असे, असं परकी निरीक्षकांनी लिहून ठेवलं आहे आणि त्याला भित्रेपणाचा रंगही दिला आहे. मला हे पटत नाही. चार बिघे जमीन गहाण टाकून घेतलेलं जनावर कोणी भिंतीवर आपटत नाही. आपण ज्याला गनिमी कावा म्हणतो, त्यात डोंगर आणि दऱ्यांचा वाटा जितका, तितकाच या काळजीचाही असावा. अंगावर येऊ द्यायचं, लांब पल्ल्यावर दमवायचं, आपलं जनावर ताजं ठेवायचं. पानिपतावर हे उलटं झालं. १७६१ च्या जानेवारीत लढाई उभी राहिली तेव्हा छावणीतली जनावरं आठवडेच्या आठवडे उपाशी होती. तिसऱ्या दिवशीचा घोडा उरलाच नव्हता.

हे घोडे कुठले? आपल्याच भागातले. भीमा आणि नीरेच्या काठची ही जनावरं. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुका होता, आज दौंड आणि बारामतीकडं जो मुलूख आहे तो. त्यावरून या घोड्यांना भीमथडी म्हणू लागले. देशी तट्टू आणि अरबी, तुर्की घोडे यांच्या संकरातून सतराव्या-अठराव्या शतकांत ही जात घडली असं मानतात. अंगानं लहान, खूर कठीण, कडबा-कुटारावर जगणारी, उन्हात आणि खडकाळीत न थकणारी. राजा बढे यांच्या महाराष्ट्रगीतात या तट्टांची आठवण आहे. ते गीत २०२३ मध्ये राज्यगीत झालं, त्यामुळं आता प्रत्येक शाळेतलं मूल हा शब्द उच्चारतं. भीमथडी तट्टू म्हणजे काय, हे मात्र भीमेच्या काठच्या मुलालाही विचारून बघा.

करमाळा हा त्यातला सीमेवरचा मुलूख. करमाळ्याचा भुईकोट आणि कमलाभवानीचं देऊळ रावरंभा निंबाळकरांच्या घराण्याचं, आणि हे घराणं निजामाच्या पदरचं. म्हणजे इथला शिलेदार एका वर्षी पेशव्यांकडं आणि दुसऱ्या वर्षी निजामाकडं गेला, तर त्यात नवल नव्हतं. घोडा त्याचा, चाकरी त्याच्या मर्जीची. इतिहासाच्या पुस्तकांना हे अडचणीचं वाटतं, पण होतं ते असं होतं.

आपल्या जिल्ह्यातली आणखी एक जागा सांगतो. मंगळवेढ्याजवळ भीमेवर माचणूर-ब्रह्मपुरी आहे. १६९५ पासून चार वर्षं औरंगजेबाची छावणी तिथं होती. सबंध हिंदुस्थानची बादशाही आपल्या सोलापूर जिल्ह्यातून चालत होती. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला पूर आला आणि छावणीची दाणादाण उडाली, माणसं-जनावरं वाहून गेली. याच काळातली ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मोगलांचे घोडे पाण्याला तोंड लावीनात, त्यांना पाण्यात संताजी आणि धनाजी दिसत. गोष्ट म्हणून ती झकास आहे. पण घोड्याला पाण्याची भीती वाटते, ही त्यातली गोष्ट नव्हे, ती खरी बाब आहे. घोड्याला चमकत्या पाण्याची खोली कळत नाही. त्याला ते जमिनीतलं भोक वाटतं. क्रॉस कंट्रीत जास्तीत जास्त घोडे पाण्याच्या अडथळ्यापाशीच बिथरतात, प्रेक्षकही तिथंच गर्दी करतात. पाण्यात उतरणारा घोडा पाण्याला नाही, पाठीवरच्या माणसाला बघून उतरतो. त्याला आधी उथळ ओढ्यातून, मग जरा खोल पाण्यातून, शंभर वेळा सावकाश नेलेलं असतं. भीमेच्या उतारावर वाढलेल्या शिंगराला हे शिक्षण आपोआप मिळे. वाळवंटात वाढून इकडं आलेल्या जनावराला कुठून मिळणार?

या घोडदळाचा शेवटही आपल्याच जिल्ह्यात झाला. १८१८ च्या फेब्रुवारीत मोहोळकडच्या आष्टीला दुसऱ्या बाजीरावाची सेना जनरल स्मिथच्या घोडदळानं गाठली. बापू गोखले तिथं पडले, साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. त्या दिवसानंतर शिलेदारानं काय करायचं? त्याला नांगर धरता येत होता, पण घोडा नांगराला धरता येत नव्हता.

काही जणांना वाट मिळाली ती इंग्रजांकडंच. १८१७ च्या पुणे तहानुसार पेशव्यांच्या खर्चानं एक घोडदळ उभं केलं होतं, त्यातूनच पुढची पूना हॉर्स ही पलटण झाली. इंग्रजांनी शिलेदाराची पद्धत उचलली, शब्दही उचलला, आणि आपल्या कागदांत तो 'सिल्लादार' असा लिहिला. सगळ्या हिंदुस्थानात त्यांची बरीचशी घोडदळं याच पद्धतीवर चालत. भरती होणाऱ्या जवानानं घोड्यासाठी आणि सामानासाठी रक्कम भरायची, तिला असामी म्हणत. ज्याच्याकडं पैसे नसत तो दुसऱ्याच्या असामीवर बारगीर म्हणून बसे. आणि घोडा मेला तर सोय म्हणून पलटणीत सगळ्यांच्या वर्गणीतून एक चंदा फंड असे. शिलेदाराची जुनी भीती अशी आपसात वाटून घेतली होती. पहिल्या महायुद्धात घोडे आणि माणसं इतक्या वेगानं खर्ची पडू लागली की या पद्धतीला ते झेपेना. १९२१ च्या सुमारास ती बंद झाली. त्यानंतर घोडा सरकारचा, स्वारही सरकारचा. शिलेदार गेला, सगळे बारगीर झाले.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडं अश्वारोहण राहिलं ते बहुतेक सैन्यातच. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगची तिन्ही वैयक्तिक पदकं भारतानं घेतली. रघुबीरसिंग पहिले, गुलाम मोहम्मद खान दुसरे, प्रल्हादसिंग तिसरे, आणि संघाचंही सुवर्ण. यमुनेच्या काठचा हा पराक्रम आज किती जणांना आठवतो? त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी छत्तीस वर्षं गेली. २०१८ ला जाकार्तात बंगळुरूच्या फवाद मिर्झानं रौप्य मिळवलं. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याच घोड्यावर तो अंतिम फेरीत गेला आणि तेविसावा आला. २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत आपल्या इव्हेंटिंग संघात आशिष लिमये आणि अपूर्व दाभाडे ही दोन मराठी नावं होती, दोघंही लष्करातले.

सैन्याबाहेरचा मराठी मुलखातला हौशी स्वार शोधायचा तर मुंबईला जावं लागतं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १९४२ मध्ये अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब निघाला. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे तिथं शिकवून बसायला वापरत. शर्यतीचा घोडा म्हणजे सरळ पळण्यापलीकडं काही न शिकलेला. त्याला थांबायला, वळायला, पाय मोजून टाकायला शिकवणं म्हणजे वर्षांचं काम. मुंबईचे इम्तियाज अनीस हे २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंगला उतरले. त्यानंतर टोकियोपर्यंत वीस वर्षं भारताचा एकही घोडेस्वार ऑलिंपिकला गेला नाही.

ही वीस वर्षं का गेली, याचं एक कारण खेळाबाहेरचं आहे आणि ते आपल्याकडं क्वचित बोललं जातं. घोड्यांचे काही सांसर्गिक रोग देशात असल्यामुळं भारतातला घोडा युरोपात नेणं जवळपास अशक्य होतं. म्हणजे तुम्ही इथं एक घोडा सात-आठ वर्षं घडवा, त्याला ओढ्यातून उतरायला शिकवा, आणि ऐन वेळी तो विमानात चढू शकत नाही. मग ज्याला पुढं जायचं त्यानं जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये घोडा घ्यायचा, तिथंच ठेवायचा, स्वतःही तिथंच राहायचं. हे कोणाला परवडतं ते सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यक केंद्रातल्या रोगमुक्त विभागाला जागतिक प्राणी आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. तिथं राखलेला घोडा आता परदेशी जाऊ शकेल अशी सोय झाली. ही बातमी पदकापेक्षा लहान छापून आली, पण माझ्या लेखी ती मोठी आहे.

जातीबद्दलही एक चांगली गोष्ट घडली. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं २०२३-२४ मध्ये भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. काठेवाडी, मारवाडी, मणिपुरी, झांस्कारी, स्पिती वगैरे सात जाती आधी नोंदलेल्या होत्या, भीमथडी आठवी. बारामतीकडच्या काही मंडळींनी यासाठी चिकाटीनं पाठपुरावा केला. कागदावर नाव आलं. पण जात कागदावर टिकत नाही, कामावर टिकते. मारवाडी घोड्याला वरात आहे, पर्यटन आहे. आपल्या भीमथडीला कोण काम देणार? आजपर्यंत तो जगला तो धनगरांमुळं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघणारा वाडा तुम्ही पाहिला असेल. पुढं तट्टू, त्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, आणि झोळीत कालच जन्मलेलं कोकरू. त्या तट्टाला कोणी अश्व म्हणत नाही. पण सभासदाच्या बखरीतल्या घोड्याचं रक्त कुठं उरलं असेल तर त्याच्यात.

चराईसुद्धा गेली. १९८० मध्ये उजनीचं धरण पुरं झालं आणि भीमेकाठची गावं, मळई, कुरणं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कुगावचा इनामदारांचा वाडा डोकं वर काढतो, माणसं होड्यांतून तो बघायला जातात. धरणानं आम्हाला ऊस दिला, केळी दिली, हिवाळ्यात परदेशी रोहित पक्षीही दिले, याबद्दल तक्रार नाही. पण ज्या उतारांवरून शिंगरं पाण्याला जायची ते उतार आता दिसत नाहीत. उसाच्या रानात घोड्याचं काय काम?

तरीही या जिल्ह्यात घोडा अजून डोळ्यासमोर येतो तो आषाढात. अकलूजला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं. हजारो माणसांच्या कड्याच्या आत मोकळी ठेवलेली वाट, टाळ-मृदंगांचा कल्लोळ, आणि त्या कल्लोळात कोणाला धक्का न लावता धावणारा अश्व. माउलींच्या पालखीच्या रिंगणात तर एक अश्व बिनस्वाराचा असतो. दुसऱ्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात, आणि ते श्रद्धेचं आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. पण घोडा शिकवणाऱ्याच्या नजरेनं एकदा बघा. इतक्या आवाजात, इतक्या गर्दीत, लगाम न ओढता घोडा ठरलेल्या वर्तुळातून जातो. ड्रेसाज चालू असताना मात्र प्रेक्षकांनी शांत राहावं अशी अपेक्षा असते!

अकलूजलाच दिवाळीच्या सुमाराला घोडेबाजार भरतो. लांबलांबून व्यापारी येतात. मी दोन-तीनदा गेलो आहे. गिऱ्हाईक विचारतं ते पहिलं, किती इंची? मग रंग कोणता, पांढरे पाय किती, भोवरे कुठं आहेत, आणि नाचतो का. हलगी वाजवून नाचवून दाखवतात. एका फेरीत मी मुद्दाम एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला विचारलं, हा चालतो किती? तो माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "चालायला टेम्पो आहे की. घोडा चालवायचा कशाला?" मग जरा थांबून त्यानं पलीकडं बांधलेल्या एका ठेंगण्या, खरारा न केलेल्या घोडीकडं बोट केलं. म्हणाला, "चालायचंच असंल तर ती घ्या. धनगराची हाय. पण तिला कोण इचारत नाही."

मी घोडी घेतली नाही. मास्तरच्या पेन्शनीत ते बसत नाही, आणि ठेवू कुठं हाही प्रश्न होताच. पण तिचे खूर उचलून बघितले. चारही पायांना नाल नव्हते, आणि खूर दगडासारखे गच्च होते.